कादंबरीवर स्वतःचा प्रतिसाद लिहिताना

मराठीच्या बी.ए. किंवा एम.ए.च्या वर्गाला समकालीन कादंबरी लागली की अंतर्गत गुणांसाठी एक काम हमखास येतं: ‘या कादंबरीला तुमचा व्यक्तिगत प्रतिसाद लिहा, मर्यादा आठशे ते हजार शब्द.’ सोपं वाटतं म्हणून ते शेवटच्या रात्रीवर ढकललं जातं. मग तपासायच्या गठ्ठ्यात एकाच साच्यातून पडलेले लेख निघतात. आधी लेखकाचा जन्म आणि पुरस्कार, मग अडीच पानं कथानक, शेवटी ‘ही कादंबरी मला फार भावली, ती वाचकाला अंतर्मुख करते.’ ज्याने वाचली तो मुलगा किंवा ती मुलगी त्यात औषधालाही सापडत नाही.

परीक्षणात कादंबरी कशी आहे याचा निवाडा असतो, सारांशात काय घडतं ते असतं. प्रतिसादात सांगायचं असतं ते इतकंच, की अमुक पानावर आपलं काय झालं आणि त्या पानातल्या कशामुळे झालं. म्हणजे भावना हवी, तिची जागा हवी आणि त्या जागेच्या लिखाणातलं कारण हवं. कारण गळालं की लेखाची डायरी होते. भावना गळाली की समीक्षेच्या पुस्तकाची नक्कल होते. आणि पानाचा पत्ता नसला तर परीक्षकाला ती थाप वाटते, बरेचदा असतेही.

पुस्तक, आवृत्ती आणि पाऊस

कोकण किनाऱ्यावरच्या कॉलेजांत पहिली अडचण पुस्तकाचीच. ग्रंथालयात प्रती दोन-चार, वर्गात मुलं तीस. नगर वाचनालयाचं सभासदत्व आधीच घेऊन ठेवावं. या बाबतीत कोकण नशीबवान आहे. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८चं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४चं. एका प्रतीवर सहा जण असतील तर प्रत्येकाला चार दिवस असा फेरा लावा. अडीचशे पानांची कादंबरी चार दिवसांत म्हणजे दिवसाला साठ-पासष्ट पानं, आणि एवढी होतात. प्रकरणं वाटून घेऊन एकमेकांना गोष्ट सांगायची ही युक्ती मात्र इथे चालत नाही. नव्वदाव्या पानावरचा राग आधीच्या एकोणनव्वद पानांत साचलेला असतो, तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकून येत नाही.

वहीच्या पहिल्या पानावर प्रकाशन, आवृत्ती आणि वर्ष लिहा. आवृत्ती बदलली की पानांचे आकडे सरकतात, आणि मग तोंडी परीक्षेच्या वेळी तुमचं पान ११२ परीक्षकाच्या प्रतीत १०४ निघतं. म्हणून टिपताना प्रकरण आणि पान दोन्ही लिहावं: ‘प्र. ७, पृ. ११२’.

वाचनालयाच्या प्रतीत पेन्सिलही लावू नये. रंगीत चिकटपट्ट्या जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत आठवडाभर राहिल्या की डिंक पानावर उतरतो आणि काढताना कधीकधी छपाईही घेऊन येतो. त्यापेक्षा कोऱ्या कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या कापून पानांत घालाव्यात. पुस्तक भिजलंच तर उन्हात टाकू नका, पानं वेडीवाकडी होतात. उभं ठेवून पंख्याखाली वाळवा आणि दर वीस पानांमागे कोरा कागद घाला. वर्तमानपत्र घातलं तर त्याची शाई चढते. चिपळूणच्या ग्रंथालयाने २००५ आणि २०२१ असे दोन महापूर सोसले आहेत. तिकडच्या ग्रंथपालांना पुस्तक वाळवण्याबद्दल आपण काही शिकवायला नको, उलट त्यांनाच विचारावं.

पहिलं वाचन आणि वही

शंभर पानी वही घ्या आणि पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे प्रकरण, पान आणि पुस्तकातले जास्तीत जास्त दहा शब्द. उजवीकडे त्या क्षणी मनात आलेलं, जसं आलं तसं. इथे प्रमाण भाषेची गरज नाही. ‘मेल्या, आता तरी बोल’ एवढंच लिहिलेलं टिपण ‘नायकाची निष्क्रियता खटकते’ यापेक्षा दहापट कामाचं असतं, कारण पुढच्या आठवड्यात ते वाचलं की तो वैताग परत जागा होतो.

कधी टिपायचं? वाचन थांबलं की. हसू आलं, पान मागे उलटावंसं वाटलं, एखादं वाक्य मोठ्याने वाचलं, डोळे दोन परिच्छेद ओलांडून पुढे पळाले, फोन हातात घेतला. फोन घेतलेलं पान तर नक्की लिहा. कंटाळा ही प्रतिक्रियाच आहे. आपल्याकडची मुलं ती लपवतात, आणि लेखातली सगळ्यात खरी गोष्ट तिथेच हरवते.

एका बैठकीत चाळीस-पन्नास पानं आणि दोन-तीन टिपणं पुरेत. त्याहून जास्त टिपायला लागलं की कादंबरी वाचणं थांबतं आणि टिपणं गोळा करणं सुरू होतं. अडीचशे पानांना पंधरा-अठरा टिपणं हा चांगला आकडा. एसटीत वाचायचं असेल तर सपाटीवर ठीक, घाटात नको. तिथे वही चाळावी. पुस्तक संपल्यावर लगेच, ते न उघडता, दहा मिनिटं सलग लिहा: काय उरलंय, कोण आठवतंय, काय पटलं नाही. तारीख घाला. हे पान लेखात जाणार नाही, पण आठ दिवसांनी मत बदलल्याचा पुरावा तेच देईल.

टिपणातून लेख कसा निघतो

अठरा टिपणांतली लेखात येतात दोन, फार तर तीन. निवडताना भारी वाटणारं टिपण घेऊ नका. जिथे काय झालं ते कळतं पण का झालं ते कळत नाही, ते घ्या. मग ते पान तीनदा वाचा. पहिल्यांदा, बोलतंय कोण आणि बघतंय कोण हे तपासायला. दुसऱ्यांदा, वाक्यं लांब आहेत की तुटक, प्रमाण भाषेत की बोलीत, हे बघायला. तिसऱ्यांदा, यायला हवं होतं आणि आलं नाही असं काय आहे, ते शोधायला. तिसरं वाचन लोक टाळतात आणि नेमकं तिथेच घबाड असतं.

एक उदाहरण घेऊ. कादंबरी इथल्यापुरती रचलेली आहे, बाजारात शोधू नका. मुंबईत नोकरी करणारा थोरला मुलगा मे महिन्यात गावी येतो. सामाईक सातबाऱ्यावरची हापूसची कलमं काकांनी विकायला काढली आहेत. आई गावातच असते. निवेदन तृतीयपुरुषी आहे, पण मुलाच्या खांद्यावरून बघणारं. वहीत टिपण आहे: ‘प्र. ४, पृ. ६१, “आईचंही तेच म्हणणं होतं.” / राग आला. कोणाचा ते कळत नाही.’

या टिपणावरून पहिल्या खर्ड्यात साधारण असं वाक्य येतं: ‘पान ६१ वर मला राग आला, कारण आपल्या समाजात स्त्रीला आजही दुय्यम स्थान आहे.’ म्हणणं खोटं नाही. पण हे वाक्य शंभर कादंबऱ्यांना चिकटवता येईल. कारण शोधायला ते पुस्तकातून उडी मारून थेट समाजात गेलं, पानावर थांबलंच नाही.

आता पानावर परत येऊ. वाटपाची ही चर्चा पाच-सहा पानं चालते. काका बोलतो, दलाल बोलतो, तलाठी बोलतो, मुलगा बोलतो, आणि सगळ्यांचं बोलणं अवतरणचिन्हांत आहे. आईच्या वाट्याला काय येतं? ‘आईने मान हलवली.’ ‘आई काहीतरी पुटपुटली.’ ‘आईचंही तेच म्हणणं होतं.’ मग पट्टी घालून पुस्तक पहिल्यापासून चाळायचं, फक्त आईसाठी. पान १२, २८, ४०, सगळीकडे हेच. एकसष्ट पानांत आईचं एकही वाक्य तिच्या तोंडून आलेलं नाही, सगळं दुसऱ्याने सांगितलेलं. आता पुढे चाळू. पान १४८ वर ती पहिल्यांदा अवतरणचिन्हांत येते, तेही मालवणीत: ‘माका कोणी इचारल्यान?’ तोवरचं सगळं निवेदन प्रमाण भाषेत आहे.

इथे रागाचा पत्ता लागतो. ऐकत नसलेला कान मुलाचा आहे, आणि निवेदन त्याच्या बाजूने चालल्यामुळे वाचणाराही साठ पानं त्याच कानाने ऐकत होता. दुसरा खर्डा मग असा होतो:

‘पान ६१ वर “आईचंही तेच म्हणणं होतं” हे वाक्य वाचून मी चिडले. आधी वाटलं, काकाचा राग आला. मागे जाऊन पाहिलं तर तोवर आईचं एकही वाक्य अवतरणचिन्हांत नव्हतं. दलालाला बोलायला जागा आहे, बागेत राबणाऱ्या आईला नाही. पण हे मला साठ पानं जाणवलं नव्हतं, कारण मीही मुलाच्याच कानाने ऐकत होते. पान १४८ वर ती “माका कोणी इचारल्यान?” म्हणते तेव्हा प्रश्न घरातल्यांना आहे, मला मात्र तो वाचणाऱ्यालाही विचारल्यासारखा वाटला. एक शंका उरते. त्यानंतर ती पुन्हा बोलत नाही. कादंबरीने तिला एकाच वाक्यापुरतं आणलं असेल, तर तिचं ऐकून घेतलं असं म्हणायचं का?’

यात ‘समाज’ हा शब्द नाही, तरी स्त्रीच्या स्थानाबद्दल पहिल्या खर्ड्यापेक्षा जास्त आहे. मोजायला हरकत नाही: पानांचे दोन पत्ते, दोन छोटी अवतरणं, एक बदललेली भावना, एक न सुटलेली शंका. एका परिच्छेदाचा ऐवज एवढा असला की पुरे.

घरच्या माहितीचं काय करायचं

कोकणातल्या विद्यार्थ्याकडे एक भांडवल असतं आणि तेच त्याला बुडवतं. कादंबरी कोकणात घडत असली की तो वाचक राहत नाही, तपासनीस होतो. ‘आमच्याकडे रापण अशी ओढत नाहीत’, ‘गणपतीला चाकरमानी असे वागत नाहीत’, ‘दशावतारात असं नसतं’. अशा दहा चुका काढल्या की प्रतिसाद झाला, असं त्याला वाटतं.

माहिती वापरावी, पण एक प्रश्न विचारून: हे कोण म्हणतंय? समजा श्रावणात कलमांना मोहोर आल्याचं लिहिलंय. हापूसचा मोहोर थंडीत येतो, नोव्हेंबरपासून पुढे, हे शाळकरी पोरही सांगेल. पण ते वाक्य दादरला वाढलेल्या, सुट्टीपुरतं गाव पाहिलेल्या निवेदकाच्या तोंडी असेल तर ती लेखकाची चूक नसून पात्राची ओळख असू शकते. तेच वाक्य बागायतदाराच्या तोंडी किंवा सर्वज्ञ निवेदनात आलं असेल, तर खटकलं म्हणून जरूर लिहा. आणि त्या चुकीने पुढचं काय काय अविश्वसनीय झालं तेही लिहा, कारण मुद्दा तो आहे.

दुसरा सापळा आठवणींचा. कादंबरीत पडवी आली की आजोळची पडवी, पडवीवरून आजी, आजीवरून फणसाचे गरे, आणि हजारातले चारशे शब्द खर्च. इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना कवींची नावं काढून तेरा कविता वाचायला दिल्या आणि त्यांच्या लेखी प्रतिक्रिया अभ्यासल्या. १९२९च्या त्या अभ्यासात अप्रस्तुत आठवणी आणि ठोकळेबाज प्रतिक्रिया या दोन अडचणी त्यांनी वेगळ्या काढून दाखवल्या आहेत. मोहोराचं आणि पडवीचं दुखणं जगभर सारखंच, असं दिसतं.

साहित्यशास्त्राचा पेपर ज्यांना आहे त्यांनी काश्मीरच्या अभिनवगुप्त या प्राचीन आचार्याची सात रसविघ्नं, म्हणजे रसास्वादातले अडथळे, नुसती पाठ करू नयेत, इथे लावून पाहावीत. ‘हे असं घडूच शकत नाही’ म्हणून पुस्तक मिटणं हा संभावनाविरह. स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटून समोरचं न दिसणं हा निजसुखादिविवशीभाव. आजोळच्या पडवीचे चारशे शब्द म्हणजे तोच. आणि बोली कळत नाही, व्यवसायाची माहिती नाही म्हणून प्रसंगच उलगडत नाही, हे प्रतीत्युपायवैकल्य. मूळ विचार रसास्वादाचा, तोही नाट्याच्या संदर्भातला, पण कादंबरी वाचताना अडलेली जागा ओळखायला या तीन खुंट्या उत्तम उपयोगी पडतात. लेखात ही नावं घालायलाच हवीत असं नाही. अडलं कुठे, हे कळलं की झालं.

आठवणीला लगाम म्हणून एक कसोटी ठेवा. स्वतःच्या आयुष्यातला मजकूर हजार शब्दांत दीडशेच्या वर जाऊ नये. आणि तो खोडून पाहावा. खोडल्यावर कादंबरीबद्दलचं तुमचं म्हणणं जसंच्या तसं उभं राहत असेल तर आठवण शोभेची होती, काढून टाका. म्हणणं लंगडं पडत असेल तर ती तिथे हवीच.

‘आमचं कोकण’ म्हणतानाही जरा थांबावं. रायगडातली आगरी, रत्नागिरीकडची संगमेश्वरी आणि सिंधुदुर्गातली मालवणी या बोली एकाच किनाऱ्यावर आहेत, तरी गुहागरच्या मुलीला मालवणी संवाद अडतात आणि ते तिने मोकळेपणाने लिहावं. जमिनीचंही तसंच. खोती म्हणजे सरकारसाठी गावचा सारा वसूल करणाऱ्या खोतांची पद्धत. ती रद्द करण्याचं विधेयक डॉ. आंबेडकरांनी १९३७मध्ये मुंबई विधिमंडळात मांडलं आणि खोती कायद्याने रद्द झाली ती १९४९च्या कायद्यामुळे. म्हणजे वर्गातल्या कुणाच्या पणजोबांनी खंड, म्हणजे जमिनीचा वाटा, वसूल केलेला असतो, तर कुणाच्या पणजोबांनी भरलेला. खोताच्या ओसरीवरचा एकच प्रसंग या दोघांना वेगळा दिसणार. दोन्ही प्रतिसाद गुणांना सारखेच पात्र आहेत, दोघांनी पानाचा आधार दिला असेल तर. कोणत्या ओसरीवरून वाचतोय ते एका वाक्यात सांगून टाकावं. लपवलं तरी शब्दांतून दिसतंच.

परमुलखातल्या कादंबरीला हे सगळं उलटं लागू होतं. साहित्य अकादमीचा मराठीसाठीचा पुरस्कार २०२२मध्ये सावंतवाडीच्या प्रवीण बांदेकरांना ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’साठी मिळाला आणि २०२३मध्ये कोल्हापूरकडच्या कृष्णात खोतांना ‘रिंगाण’साठी. दुसरी धरणाने उठवलेल्या माणसांची आहे. दोन्ही एकाच सत्रात वाचल्या तर घरचं अंतर आणि परकं अंतर दोन्ही अनुभवाला येतात. परक्या कादंबरीत ‘माझा याच्याशी संबंध नाही’ असं वाटलेली पानं टिपा. मग बघा, कादंबरीने तुम्हाला आत घ्यायला काही केलं आहे का, की तुम्हीच उंबऱ्यावर थांबलात.

प्रत्यक्ष लिहिणं

नऊशे शब्दांचा हिशेब साधारण असा धरावा. ऐंशी शब्दांत सुरुवात, शंभरात कथानक, साडेचारशेत पहिली जागा, दोनशेत अशी दुसरी जागा जी पहिल्या प्रतिक्रियेला छेद देते किंवा पुढे नेते, आणि उरलेल्या सत्तरात न सुटलेला प्रश्न. कथानक शंभरात बसत नाही अशी तक्रार येते. बसतं. तुमच्या दोन जागा कळायला जेवढं लागतं तेवढंच सांगायचं, परीक्षकाने कादंबरी वाचलेली आहे.

सुरुवात लेखकाच्या जन्मगावापासून करू नका. पहिल्या दोन वाक्यांत पान आणि प्रतिक्रिया आली पाहिजे. ‘मी’ लिहायला संकोच नको, पण दर वाक्यात ‘मला असं वाटतं’ नको. लेख तुमचाच आहे, दुसऱ्या कुणाला वाटणार? अवतरणं तीन-चारच, प्रत्येक दोन ओळींच्या आत, आणि प्रत्येकामागे तुमचे किमान दुप्पट शब्द. बोलीतलं अवतरण जसं छापलंय तसंच उतरवा, शुद्धलेखन सुधारू नका. कादंबरीतल्या घटना वर्तमानकाळात आणि तुमचं वाचन भूतकाळात ठेवलं की गोंधळ होत नाही: ‘काका बाग विकायला काढतो’, पण ‘मला राग आला’.

सगळ्यात जास्त गुण जातात ते लेखक, निवेदक आणि पात्र यांची खिचडी केल्याने. ‘लेखक म्हणतात की बायकांना व्यवहारातलं कळत नाही’ असं लिहिलं जातं, आणि ते म्हणालेला असतो काका. प्रथमपुरुषी निवेदन असेल तर मुलं सरळ धरून चालतात की हे लेखकाचंच आत्मचरित्र. समकालीन मराठी कादंबरीत तर निवेदक मुद्दाम खोटं बोलतो, विसरतो, स्वतःची बाजू सावरतो, आणि ‘मला हा माणूस पटला नाही’ ही त्यावरची रास्त प्रतिक्रिया असते. पण ती निवेदकाविषयीची आहे हे लिहायला हवं. खर्डा झाल्यावर ‘लेखक’ हा शब्द जिथे जिथे आला तिथे बोट ठेवा आणि विचारा, हा खरंच लेखक आहे का? निम्म्या ठिकाणी तो निवेदक निघतो.

दुसरी चाळणी विशेषणांची. हृदयस्पर्शी, वास्तववादी, ओघवती, अंतर्मुख करणारी, प्रसंग डोळ्यांसमोर उभे राहतात. यातलं काही लिहिलं असेल तर त्याच्या पुढे ‘उदाहरणार्थ, पृ. –’ लिहून बघा. पान सापडलं तर विशेषण काढा आणि पानच ठेवा. नाही सापडलं तर दोन्ही काढा.

पुस्तक आवडलं नसेल तर तसंच लिहावं. परीक्षक रागावेल या भीतीने खोटं कौतुक करणारे लेख पहिल्या परिच्छेदातच ओळखू येतात. फक्त नावड सिद्ध करायला आवडीपेक्षा जास्त कष्ट लागतात. ‘कंटाळवाणी’ म्हणायचं असेल तर फोन हातात घेतलेली पानं काढा आणि त्यांत सारखं काय आहे ते बघा. समजा ती सगळी पानं पात्रांच्या लांब वैचारिक संवादांची निघाली. मग विचारायचं, हे दोघे वेगळ्या आवाजात बोलतात की एकच माणूस दोन नावांनी बोलतोय? दुसरं असेल तर तुमच्या कंटाळ्याला कारण मिळालं. आणि तेवढी पानं सोडून बाकी कादंबरीने धरून ठेवलं असेल तर तेही सांगायला हवं. अर्धीच वाचली असेल तर हे काम घेऊ नका. शेवट न वाचता लिहिलेला प्रतिसाद तोंडीच्या दुसऱ्या प्रश्नाला कोसळतो.

गाईडमधला, मलपृष्ठावरचा किंवा चॅटजीपीटीने दिलेला मजकूर एका खुणेने पकडला जातो. त्यात पान नसतं, आणि असलंच तर त्या पानावर ते वाक्य नसतं. वर्गातल्या जोडीदाराचा लेख मात्र जरूर वाचावा, खर्डा झाल्यावर. एकाच पानावर दोघांना वेगळं वाटलं असेल तर ‘माझ्या मैत्रिणीला हीच जागा विनोदी वाटली’ एवढं वाक्य घालून स्वतःचं म्हणणं पुन्हा तपासता येतं.

शेवटचा हात फिरवायला किमान दोन दिवस ठेवा. पहिल्या दिवशी खर्डा मोठ्याने वाचायचा. जीभ जिथे अडखळते ते वाक्य बहुतेक उसनं असतं. दुसऱ्या दिवशी प्रत्येक पृष्ठांक पुस्तकाशी ताडून बघायचा. पावसाळ्यात हाताने लिहून द्यायचं असेल तर जेल पेन टाळा, दमट कागदावर ते फुटतं. साधं बॉलपेन बरं.

तोंडी परीक्षेला वही आणि कागदी पट्ट्या घातलेलं पुस्तक दोन्ही न्यावं. ‘ही जागा काढून दाखवा’ हा प्रश्न येतोच, आणि अर्ध्या मिनिटात पान उघडणाऱ्याची पुढची परीक्षा गप्पांसारखी होते. दरम्यान मत बदललं असेल तर सांगायला कचरू नये. पुस्तक संपल्या दिवशी तारीख घालून लिहिलेलं ते दहा मिनिटांचं पान पुढे करावं, आधी काय वाटलं होतं आणि कोणत्या पानाने ते फिरवलं ते दाखवावं. आणि प्रत वाचनालयाची असेल तर परत करण्याआधी सगळ्या पट्ट्या काढून घ्याव्यात, फेऱ्यातल्या पुढच्या वाचकाला तुमच्या खुणा नकोत.